कर्नल कोसळतो तेव्हा पडदा कोणाचा?

संगणकाचा कर्नल कोसळतो तेव्हा त्याच्याजवळ सांगण्यासारखे बरेच असते. घात कोणत्या ड्रायव्हरमध्ये झाला, त्या वेळी कोणती सूचना चालू होती, तिथवर येणे कोणत्या वाटेने झाले, हे सगळे त्या क्षणी स्मृतीत शाबूत असते आणि यंत्र बंद करताच पुसले जाणार असते. ते दाखवायला सर्वांत जवळची जागा म्हणजे समोरचा पडदा. तरीही डेस्कटॉप चालू असताना हे शेवटचे निवेदन पडद्यावर उमटवण्याची, सगळ्या ग्राफिक्स ड्रायव्हरांना वापरता येईल अशी भरवशाची सोय लिनक्सच्या मूळ कर्नलमध्ये आली ती जुलै २०२४ मध्ये. लिनक्सची पहिली आवृत्ती सप्टेंबर १९९१ ची. या तेहतीस वर्षांच्या विलंबाचे कारण विचारले की ग्राफिक्स कार्डांची गुंतागुंत आणि ती बनवणाऱ्या कंपन्यांचा चिकटपणा ही दोन उत्तरे हमखास मिळतात. दोन्ही खरी आहेत, पण पुरेशी नाहीत. या इतिहासाकडे नीट पाहिले तर अडचण चित्र काढण्याची नव्हती असे दिसते. पहिला पेच पडद्यावर हुकूम कोणाचा चालतो हा होता. तो सुटल्यावर दुसरा उरला: कोसळणाऱ्या कर्नलने पडदा आधी पूर्ववत करावा आणि मगच बोलावे, ही अपेक्षा. ती सोडून दिली तेव्हाच काम झाले.

कर्नलने मरताना एक ओळ छापावी हा रिवाज युनिक्सचा. मल्टिक्स या आधीच्या महत्त्वाकांक्षी प्रणालीवर काम केलेले टॉम व्हॅन व्लेक यांनी नोंदवून ठेवले आहे की मल्टिक्समध्ये चुका सावरणारा कोडच खूप होता. युनिक्सचे एक जनक डेनिस रिची यांनी मात्र त्यांना सांगितले की आम्ही ते सगळे वगळले. काही बिघडले की पॅनिक नावाचे एक फंक्शन चालते, यंत्र थांबते आणि कोणीतरी ओरडून दुसऱ्याला ते पुन्हा सुरू करायला सांगतो. हा साधेपणा परवडत होता, कारण संदेश कागदावर छापणाऱ्या टर्मिनलवर जायचा. अक्षर पाठवले की ते उमटले. पडद्याची अवस्था असा काही प्रकारच नव्हता. पीसीवरही बराच काळ असेच चालले. आयबीएमने १९८७ मध्ये आणलेल्या व्हीजीएच्या टेक्स्ट मोडमध्ये ८० स्तंभ आणि २५ ओळी असत. प्रत्येक अक्षराला दोन बाइट, म्हणजे अख्ख्या पडद्याला ४,००० बाइट, आणि तेही स्मृतीतल्या एका ठरलेल्या पत्त्यावर. तिथे बाइट लिहिला की अक्षर दिसायचे. सुरुवातीच्या लिनक्सचा कर्नल अगदी शेवटच्या घटकेलाही एवढे करू शकत होता, कारण त्यासाठी कोणाची परवानगी लागत नव्हती आणि कोणाची वाटही पाहावी लागत नव्हती.

योगायोगाने त्याच १९८७ च्या सप्टेंबरात एमआयटीमधून एक्स विंडो प्रणालीची अकरावी आवृत्ती बाहेर पडली. पुढची दोन दशके युनिक्सच्या जगातले ग्राफिक्स याच एक्सवर उभे राहिले. पीसीसाठी एक्सफ्री८६ हा मुक्त प्रकल्प १९९० च्या दशकाच्या आरंभी सुरू झाला, तेव्हा त्याच्या कर्त्यांनी एक निर्णय घेतला. ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर कर्नलमध्ये न ठेवता एक्स सर्व्हर या एका सामान्य प्रोग्रॅममध्येच ठेवायचा आणि त्या प्रोग्रॅमला रूटचे अधिकार देऊन थेट हार्डवेअरशी बोलू द्यायचे. हा निर्णय आज विचित्र वाटतो, पण त्या काळी तो सुज्ञ होता. पीसीवर लिनक्स, वेगवेगळी बीएसडी आणि काही व्यापारी युनिक्स एकाच वेळी चालत होती. प्रत्येकीच्या कर्नलसाठी प्रत्येक कार्डाचा वेगळा ड्रायव्हर लिहायला माणसे कुठून आणायची? ड्रायव्हर कर्नलबाहेर ठेवला की एकाच श्रमात सगळ्यांचे भागत होते. शिवाय कर्नल लहान राहत होता आणि ग्राफिक्सच्या भानगडी त्याच्यापासून दूर राहत होत्या.

पण या सोयीची किंमत कोसळण्याच्या क्षणी कळायची. एक्स सुरू होताना तो कर्नलला सांगे की हे कन्सोल आता ग्राफिक मोडमध्ये आहे, यावर काही लिहू नकोस. कर्नल ते निमूट पाळे. घड्याळांचे वेग, पडद्याच्या ओळींची मोजमापे, स्मृतीत चित्र कुठून वाचायचे त्याचा पत्ता, हे सगळे कार्डाच्या रजिस्टरांमध्ये एक्सने भरलेले असे आणि त्याचा हिशेब फक्त एक्सला ठाऊक असे. वापरणाऱ्याने टेक्स्ट कन्सोलकडे जायचे म्हटले तर कर्नल एक्सला सिग्नल पाठवी, एक्स जुनी अवस्था परत कार्डात भरी आणि मग ताबा सोडी. म्हणजे पडदा पूर्ववत करण्यासाठी एक्स जिवंत असावा लागे आणि एक्सला चालवायला कर्नल जिवंत असावा लागे. कर्नलच गेला की ही साखळी पहिल्याच कडीला तुटे. पडद्यावर शेवटचे चित्र जसेच्या तसे गोठून राही, माउस हलत नसे आणि कीबोर्डवरचे कॅप्स लॉक नि स्क्रोल लॉकचे दिवे लुकलुकत. पॅनिक झाल्याची खूण म्हणून कर्नलच्या हाती तेवढेच उरले होते. २००२ मध्ये हे दिवे मोर्स संकेतात लुकलुकवून पॅनिकचा संदेशच त्यांतून सांगावा असा पॅचही लिहिला गेला. तो मूळ कर्नलमध्ये गेला नाही. पण शेकडो डॉलरचा मॉनिटर समोर असताना अभियंत्यांना दोन दिव्यांचा आधार शोधावा लागला, यावरून त्या व्यवस्थेची अवस्था कळते.

हीच अडचण विंडोज एनटीला का आली नाही? कारण १९९३ साली आलेल्या एनटीने पडद्यावरचा शेवटचा हक्क कधी सोडलाच नाही. तिथे व्हिडिओ ड्रायव्हर कर्नलच्या चौकटीत होता आणि बिघाडाच्या वेळी कार्ड पुन्हा टेक्स्ट मोडमध्ये नेण्यासाठी ड्रायव्हरने एक खास फंक्शन द्यावे अशी तरतूद आराखड्यातच होती. त्याला जमले नाही तर व्हिडिओ बायोसला हाक मारून कार्ड मूळ अवस्थेत आणण्याचा मार्ग होता. म्हणून ती प्रसिद्ध निळी पाटी दिसू शकली. पुढे कार्डे बदलली तशी ही तरतूदही बदलली. २०१२ च्या विंडोज ८ सोबत ड्रायव्हरांसाठी जे नवे नियम आले, त्यांत बिघाडाच्या वेळी पडदा ताब्यात देण्याची आणि त्यावर लिहू देण्याची वेगळी फंक्शने मागितली गेली. निळ्या पडद्याची थट्टा जगभर झाली, पण निदान काय झाले ते सांगण्याची सोय त्या प्रणालीत होती. त्याच काळात लिनक्सचा डेस्कटॉप कमी कोसळतो असे अभिमानाने सांगितले जाई. त्या अभिमानातला काही भाग, कोसळल्याची पाटीच दिसत नसल्यामुळे होता असे म्हटले तर ते फारसे चूक ठरणार नाही.

ग्राफिक्सची सूत्रे कर्नलने हाती घ्यावीत असे म्हणणारे लिनक्समध्ये नव्हते असे नाही. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात जीजीआय नावाच्या प्रकल्पाने तसा आराखडा मांडला होता. मूळ कर्नलने तो स्वीकारला नाही. आक्षेप सबळ होता. ग्राफिक्स ड्रायव्हर हा सर्वांत मोठा आणि सर्वांत ठिसूळ भाग. तो कर्नलमध्ये घेतला तर कर्नल जास्त वेळा कोसळेल. या आक्षेपाला पुरावाही हाताशी होता. मायक्रोसॉफ्टने १९९६ च्या एनटी ४.० मध्ये वेगासाठी खिडक्या आणि चित्रांचा बराचसा कारभार कर्नलमध्ये हलवला होता आणि त्यामुळे स्थैर्य गेले अशी टीका तिच्यावर होत होती. पण आक्षेपात एक गृहीतक दडले होते: ड्रायव्हर कर्नलबाहेर असला की कर्नल सुरक्षित. एक्सच्या बाबतीत ते खोटे होते. रूटचे अधिकार आणि हार्डवेअरला थेट हात असलेला प्रोग्रॅम चुकीचे रजिस्टर लिहून सगळे यंत्र गोठवू शकत होता आणि गोठवतही होता. म्हणजे धोका कर्नलमध्ये घेतल्यासारखाच होता, फक्त देखरेख नव्हती.

हा तिढा सुटला तो कामाची वाटणी नव्याने केल्यामुळे. त्रिमितीय चित्रे रंगवण्याचे अवाढव्य काम कर्नलबाहेर मेसासारख्या लायब्ररीत राहू द्यायचे. पडद्याचा मोड ठरवणे आणि ग्राफिक्सची स्मृती वाटणे एवढेच कर्नलने घ्यायचे. इंटेलमधले जेसी बार्न्स, रेड हॅटमधले डेव्ह एअरली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे काम पुढे नेले. त्यासाठी आधी स्मृती सांभाळणारी व्यवस्था लागत होती. इंटेलची जेम ही व्यवस्था डिसेंबर २००८ च्या २.६.२८ मध्ये आली आणि मार्च २००९ च्या २.६.२९ मध्ये इंटेलच्या चिपांसाठी कर्नल मोड सेटिंग दाखल झाले. त्याच वर्षी रेडियनसाठी आणि २०१० मध्ये एनव्हिडियाच्या कार्डांवर चालणाऱ्या नूव्होसाठीही ते आले. त्याच्या बाजूने जी कारणे दिली गेली त्यांत पडदा न लुकलुकता यंत्र सुरू होणे, झोपेतून नीट जागे होणे, एक्सला रूटशिवाय चालवता येणे ही होती. आणि त्यातच पॅनिकचा संदेश डेस्कटॉपवरही दिसेल हे आश्वासन होते. इंटेलच्या ड्रायव्हरने पॅनिकची सूचना मिळाल्यावर टेक्स्ट कन्सोलकडे परतण्याचे फंक्शन खरोखर जोडलेही. मालकीचा पेच इथे संपला. कर्नलला आता पडद्याची पूर्ण अवस्था ठाऊक होती आणि ती बदलण्याचा अधिकारही होता.

तरीही आश्वासन पुरे झाले नाही, आणि या इतिहासातला खरा धडा इथे आहे. मोड बदलणे म्हणजे कुलपे घेणे, हार्डवेअरच्या उत्तराची वाट पाहणे, मध्ये झोपणे. चालत्या कर्नलला हे सहज जमते. पॅनिक मात्र कुठेही होऊ शकतो. इंटरप्ट हाताळताना, म्हणजे जिथे झोपायला सक्त मनाई आहे तिथेही. पॅनिक होताच बाकीचे प्रोसेसर थांबवले जातात. त्यांपैकी एखादा नेमका ग्राफिक्सचे कुलूप धरून रजिस्टरे लिहीत असेल, तर ज्याने दाराला आतून कडी लावली तोच आता उठणार नाही. बाहेरच्याने किती वाट पाहिली तरी दार उघडत नाही. कुलूप न घेता पुढे जावे तर अर्धवट लिहिलेल्या अवस्थेवर दुसरी अवस्था चढते. कधी संदेश दिसे, कधी पडदा काळा पडे, कधी मूळ पॅनिकवर दुसरा पॅनिक होऊन पहिल्याचा मजकूर पडद्याबाहेर ढकलला जाई. ज्या मार्गाची चाचणीच नीट घेता येत नाही, तो दर सुधारणेबरोबर मोडत राहतो. अखेर मोड परत फिरवणारी ती जोडणी ड्रायव्हरांच्या सामायिक भागातून काढूनच टाकली गेली.

अडचण पूर्ववत करण्यातच होती, ड्रायव्हरांच्या कच्चेपणात नव्हती, याला त्याच कर्नलमध्ये पुरावा आहे. सिसआरक्यू आणि व्ही ही कळांची जोडी दाबली की कर्नल टेक्स्ट कन्सोलचा पडदा जबरीने परत आणतो, आणि एक्स अडकलेला असताना ती उपयोगी पडते. पण ते फंक्शन कळ दाबताच स्वतः काही करत नाही. काम रांगेत लावते आणि कर्नल सवडीने ते उरकतो. कर्नल जिवंत असेल तरच रांग पुढे सरकते. २०१० मध्ये कर्नलच्या डीबगरसाठी पडद्यावरचे चित्र झोप न घेता बदलण्याची खास वाट बांधली गेली; तीही मोजक्या ड्रायव्हरांपुरती राहिली. दरम्यान हार्डवेअर आणखी बोलघेवडे झाले. डिस्प्लेपोर्टच्या मॉनिटरशी जोडणी करायची तर दोन्ही बाजूंनी आधी बोलणी करून वेग आणि विद्युतदाब ठरवावे लागतात. लॅपटॉपच्या पडद्याला वीज द्यायचा क्रम आणि त्यातली प्रतीक्षा ठरलेली असते. व्हीजीएच्या काळातले चार हजार बाइट आठवत कोणी जुनी अवस्था परत आणायची म्हटले, तर ती अवस्था आता कार्डाच्या चार रजिस्टरांत मावणारी राहिली नव्हती.

वाट बदलली ती रेड हॅटमधल्या जोसेलिन फालेम्प यांच्या कामाने, आणि त्याची भूमी नॉरल्फ ट्रॉनेस यांच्यासारख्यांच्या आधीच्या प्रस्तावांनी तयार केली होती. फालेम्प यांच्या या सोयीतली, म्हणजे डीआरएम पॅनिकमधली, मुख्य कल्पना अशी: मोड बदलायचाच नाही. पॅनिकच्या क्षणी पडद्यावर जे चित्र दिसते आहे, ते स्मृतीतल्या कोणत्या तरी बफरमधून वाचले जात असणारच. ड्रायव्हरने फक्त तो बफर, त्याचा आकार आणि रंगांची मांडणी सांगायची. त्यावर अक्षरे रंगवण्याचे काम सामायिक कोड करील. कुलूप लागलेच तर एकदा हात लावून पाहायचा. मिळाले नाही तर थांबायचे नाही, तो पडदा सोडून द्यायचा. जुन्या मार्गाला जी चाचणी जमत नव्हती तिचीही सोय झाली, कारण यंत्र न कोसळवता ही पाटी दाखवून पाहता येते. १४ जुलै २०२४ रोजी आलेल्या लिनक्स ६.१० मध्ये हे दाखल झाले. सुरुवातीचे ड्रायव्हर साधे होते; त्यांतला एक सर्व्हरमध्ये आजही आढळणाऱ्या मॅट्रॉक्स जी२०० च्या वंशातल्या चिपांचा. वैभवशाली कार्डे मागाहून आली. पंधरा वर्षे पूर्ववत करण्याची कला सुधारण्याचे प्रयत्न झाले होते. जमले ते मात्र त्या कलेचा नाद सोडल्यावर.

यावर एक रास्त आक्षेप निघतो. सध्याच्या बफरवर लिहायचे हेही नेहमी शक्य नसते. आधुनिक कार्डे चित्र सरळ ओळींत न ठेवता लहान चौकोनांत किंवा दाबून साठवतात. बफर कार्डाच्या अशा स्मृतीत असू शकतो जिथे प्रोसेसरचा हात थेट पोहोचत नाही. पडदा त्या क्षणी बंदही असू शकतो. हे खरे आहे, आणि म्हणूनच एएमडी, नूव्हो, इंटेल यांच्या ड्रायव्हरांत ही सोय एकदम न येता टप्प्याटप्प्याने आली. पण दोन अपयशांत फरक आहे. पूर्ववत करण्याचा मार्ग फसला तर तो दिसत असलेला पडदाही घालवतो आणि कधी दुसरा घात करतो. आहे त्यावर लिहिण्याचा मार्ग फसला तर फार तर काही दिसत नाही. कर्नल पुढच्या कामाला, म्हणजे स्मृतीची नोंद ठेवायला किंवा पुन्हा सुरू व्हायला, मोकळा राहतो. ज्या कोडला बिघाडाच्या ऐन क्षणी चालायचे आहे, त्याची पारख तो किती वेळा यशस्वी होतो यावर जेवढी, तेवढीच तो फसताना काय मोडतो यावर करायला हवी.

दुसरा आक्षेप व्यावसायिक सर्व्हर सांभाळणाऱ्यांचा. त्यांना पडदा लागतच नाही: सिरियल कन्सोल आहे, जाळ्यावरून संदेश पाठवणारे नेटकन्सोल आहे, आणि २००५ च्या २.६.१३ पासून केडम्प आहे. केडम्पच्या जडणघडणीत आयबीएमच्या भारतातल्या अभियंत्यांचा मोठा वाटा होता. त्यात स्मृतीचा एक तुकडा आधीच राखून ठेवलेला असतो. पॅनिक झाला की तिथला दुसरा कर्नल जागा होतो आणि मेलेल्या कर्नलची स्मृती जपून ठेवतो. ही पद्धत पडद्यापेक्षा कितीतरी अधिक सांगते यात वाद नाही. पण ती आधी बसवावी लागते, तिला स्मृती बाजूला काढून द्यावी लागते आणि मिळालेला ढीग वाचणारा जाणकार लागतो. सिरियल पोर्ट तर आजच्या लॅपटॉपवर शोधूनही सापडत नाही. शिक्षकाच्या, दुकानदाराच्या, विद्यार्थ्याच्या यंत्रावर आधीपासून तयार असलेली जागा एकच, ती म्हणजे पडदा.

मग म्हणतात, अशा माणसाला पॅनिकचा मजकूर कळणार काय? यंत्र संथ झाले आहे की मेले आहे, एवढे कळले तरी तो तासभर वाट पाहायचा वाचतो. पुढची पायरी नोव्हेंबर २०२४ च्या लिनक्स ६.१२ ने घेतली. त्यात पाटीवर क्यूआर संकेत काढायची सोय आली आणि तो बनवणारा कोड रस्ट भाषेत लिहिला गेला. विंडोज १० च्या पाटीवर २०१६ पासून क्यूआर होता, पण तो सर्वांना एकाच मदतीच्या पानाकडे नेत असे. लिनक्सच्या संकेतात कर्नलची शेवटची नोंदच दाबून भरलेली असते. क्यूआरच्या सर्वांत मोठ्या आकारात २,९५३ बाइट मावतात, आणि मजकूर दाबल्यावर त्यात बरेच बसते. फोनने फोटो काढला की नोंद हाती आली. नोंदीत खासगी काही असेल तर, ही शंका योग्य आहे; म्हणून ही सोय ऐच्छिक आहे आणि ऐच्छिकच राहावी. मायक्रोसॉफ्टने २०२५ मध्ये निळी पाटी काळी केली आणि क्यूआर काढून टाकला. दोन्ही प्रणाली इथे उलट दिशांना गेल्या, पण पाटीच नको असे दोघींपैकी कोणी म्हटले नाही.

तसे म्हणणे परवडणारही नव्हते. लिनक्स ६.१० नंतर पाचच दिवसांनी, १९ जुलै २०२४ रोजी, क्राउडस्ट्राइक या सायबरसुरक्षा कंपनीच्या सदोष अद्ययावतीकरणाने मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे ८५ लाख विंडोज यंत्रे कोसळली. भारतात काही विमानप्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास घ्यावे लागले. त्या दिवशी जगभरच्या निळ्या पडद्यांवर बिघडलेल्या ड्रायव्हरचे नाव छापलेले होते, आणि एकमेकांशी संबंध नसलेल्या हजारो तंत्रज्ञांना दोष कुठे आहे हे ते नाव वाचून कळले. तीच यंत्रे गोठलेले चित्र दाखवत बसली असती, तर निदानाला किती उशीर झाला असता याची कल्पना करता येते.

बिघाडाच्या क्षणासाठी काही बांधताना अभियंते सहसा आधीची चांगली स्थिती परत आणण्याच्या मागे लागतात. लिनक्सच्या पडद्याचा इतिहास सांगतो की त्या क्षणी शिल्लक असलेल्या साधनांत जे होईल तेवढेच करावे, आणि त्यासाठी लागणारा हक्क मात्र आधीच हाती ठेवावा. २००९ ने कर्नलला हक्क दिला, २०२४ ने त्याला मर्यादा शिकवली. या दोन गोष्टी एकत्र आल्या तेव्हाच पाटी दिसू लागली.